अत्तरदाणी पुढं गेली



या संक्रांतीला आमच्या चुलत नणंदेकडं हळदीकुंकू होतं. मी गेले होते ती मदतीला. यांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यामुळं मला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, मदतीचं येतं. तिळाच्या वड्या डब्यात भरल्या, वाण मोजून ठेवलं, आणि दमले म्हणून बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जरा टेकले. नणंदेची सून अत्तरदाणी घेऊन ओळीनं येत होती. नवीन पोर, लग्नाला वर्षही झालं नाही अजून. प्रत्येकीच्या पालथ्या हातावर अत्तराचं बोट फिरवत होती, मागून दुसरी मुलगी गुलाबदाणी शिंपडत होती. माझ्यापर्यंत आली तसा माझा हात सवयीनं थोडा पुढं झाला. पोरगी थांबली. तिनं सासूकडं बघितलं. सासू काही बोलली नाही, नुसती मान हलवली. अत्तरदाणी पुढं गेली.

मी हात पदराखाली घेतला. रडले वगैरे नाही. त्या पोरीचा मला रागही आला नाही, तिला कुणी शिकवलंय तसं ती करते. पण घरी येताना रिक्षात बसल्यावर एक गोष्ट आठवून मला हसू आलं. अत्तरदाणी पुढं गेल्यावर पाचच मिनिटांनी शेजारच्या बाई इकडं तिकडं वास घेत म्हणाल्या होत्या, "कुणी काय लावलंय हो? ह्या अत्तरदाणीतलं नव्हे हे. फार छान वास येतोय."

ते माझं होतं. मी घरी बनवलेलं. आज त्याच अत्तराबद्दल लिहायचं आहे, आणि ते लावण्याबद्दल माझं जे मत झालं आहे त्याबद्दलही. पटलं नाही तर मोकळेपणानं सांगा.

आमच्या घरात अत्तराचा नाद यांना होता. उन्हाळा लागला की वाळ्याचं अत्तर. अंघोळ झाली की कापसाचा बारीक फाया अत्तरात बुडवून कानाच्या पाळीच्या वर, आतल्या घडीत ठेवायचा, आणि मग दुकानाला जायचं. मला वाळा आवडायचा नाही. माठातल्या पाण्याला ठीक आहे, अंगाला काय ओल्या मातीचा वास लावून फिरायचं, असं मी म्हणायची. माझं मोगऱ्याचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून दोन कुप्या कपाटाच्या एकाच खणात शेजारी शेजारी असायच्या. त्या खणातल्या रुमालांना, पासबुकांना, अगदी नोटांनासुद्धा दोन्हींचा मिळून एक वास लागलेला असायचा. त्याला आम्ही कधी नाव दिलं नाही. तो आमच्या कपाटाचा वास होता, एवढंच.

हे गेल्यावर तेराव्या दिवसाच्या आत थोरल्या जाऊबाईंनी माझं ड्रेसिंग टेबल आवरलं. टिकल्यांची पाकिटं, हिरव्या बांगड्या, आणि मोगऱ्याची कुपी. "आता कशाला लागतंय गं," एवढंच म्हणाल्या, आणि त्यात वाईट हेतू नव्हता हे मी आजही सांगेन. त्यांच्या आईचं तसंच झालं होतं, माझ्या आईचंही. मी काही बोलले नाही. त्या दिवसांत कुणी माझा चष्मा उचलून नेला असता तरी मला कळलं नसतं.

दीड वर्षानं बँकेचे कागद शोधताना तो खण उघडला. यांची वाळ्याची कुपी मागं सरकून राहिली होती. अर्धी. मी बूच काढलं आणि तिथंच पलंगावर बसले. मग एक थेंब मनगटाला लावला. ज्या वासाला मी तीस वर्षं नावं ठेवली तो दिवसभर माझ्या अंगावर होता. संध्याकाळी सामायिकाला बसायच्या आधी हात धुतला, तरी गेला नाही. वाळ्याचं तसंच असतं, तो लवकर जात नाही. ते मला पुढं कळलं.

काही दिवसांनी मी बाजारातून मोगऱ्याची छोटी कुपी आणली. एकटा वाळा मला सोसेना, आणि एकटा मोगरा आता माझा वाटेना. दोन्ही मिळून मला आमचं कपाट हवं होतं.

आता इथं थोडं शहाणपण सांगते, कारण ही गोष्ट मी चुकत चुकत शिकले आहे.

सूनबाई पुण्याला असते. तिच्या पिढीत याला लेयरिंग म्हणतात. एकावर एक दोन-तीन वेगळे परफ्यूम फवारायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगाला येत नाही असा आपला स्वतःचा वास तयार होतो. तिनं मला मोबाईलवर त्याचे व्हिडिओ दाखवले. मी म्हटलं, हे काय नवीन? दिवाळीचं उटणं आपण कसं करतो? नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, वाळा, चंदन, वाळलेल्या गुलाबपाकळ्या. वस्तू सगळीकडं त्याच, पण माझ्या आईच्या उटण्याचा वास वेगळा आणि सासूबाईंच्या उटण्याचा वेगळा. आईचा कपूरकाचरीवर हात सैल होता. शिकेकाईच्या मसाल्याचंही तेच. प्रत्येक घराचं माप निराळं आणि ते वहीत कुणी लिहीत नाही.

आणि हे घरगुतीच आहे असंही नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती नावाचं प्रकरणच आहे. सहाव्या शतकातलं. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, असा हिशेब त्यात केलेला आहे. अशा निवडींची संख्या काढायचा सर्वसाधारण नियम पुढं नवव्या शतकात आपल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात दिला, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात. माझ्या नातवाला शाळेत हेच गणित येतं तेव्हा मी त्याला सांगते की बाबा, हे तुझ्याआधी आपल्या एका आचार्यांनी मांडलेलं आहे. तो ऐकून घेतो, बिचारा.

मला सगळ्यात नवल वाटलं ते गंधवाद या पोथीचं. सुगंध कसे जुळवायचे यावरची ही संस्कृत रचना, आणि तिच्यावर टीका आहे ती मराठीत! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी या विषयावर बरंच लिहिलं, आणि १९८९ साली बडोद्याहून गंगाधराच्या गंधसाराबरोबर ती छापून आली. म्हणजे अत्तराची मिळवणी कशी करायची हे आपल्या भाषेत समजावून सांगायची गरज कुणाला तरी काही शतकांपूर्वी वाटली होती. आणि आम्ही मात्र परदेशी बाटलीवरचं नाव वाचता येत नाही म्हणून लाजतो.

तर माझे प्रयोग. पहिला प्रयोग असा केला की घरात असेल ते सगळं एकत्र केलं. मोगरा, हीना, केवडा, वाळा, प्रत्येकी तीन-तीन थेंब. अर्ध्या तासात घराचा मंगल कार्यालय झालं. नुसता केवडा. त्या दिवशी धडा मिळाला की केवडा हा मिळवणीत घालायचा नाही, दाखवायचा. काडीचं टोक बुडवून तेवढंच. हीनाचंही जवळजवळ तसंच आहे, कारण ते एका फुलाचं अत्तर नसतं, त्यात आधीच कितीतरी मसाले आणि मुळ्या असतात. मिळवणीत आणखी एक मिळवणी घातली की गोंधळ होतो.

दुसरं असं की लावल्या लावल्या जो वास येतो त्यावर काही ठरवू नये. हलके वास आधी उडतात. लिंबू-संत्र्याच्या जातीचे तर पंधरा-वीस मिनिटांत गायब. फुलांचे त्यानंतर. आणि लाकूड, मुळं, डिंक यांचे वास जड असतात, ते तळाला बसतात आणि संध्याकाळपर्यंत राहतात. वाळा आणि चंदन हे या तळाच्या जातीतले. त्यांचं आणखी एक काम असं की वरच्या हलक्या वासाला ते धरून ठेवतात, लवकर उडू देत नाहीत. माझा एकटा मोगरा दोन तासांत संपायचा. वाळ्याबरोबर लावला तर दुपारच्या जेवणानंतरही पदराला यायचा.

हे वाचून तुम्हाला जे वाटलं तेच मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं होतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

करायचं कसं, तर आधी कागदावर. जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीला एकेक अत्तर लावायचं, आणि दोन-तीन पट्ट्या हातात पंख्यासारख्या धरून नाकापुढून हलवायच्या. जोडी जमते का ते तिथंच कळतं, अत्तर वाया जात नाही. जमली तर काचेच्या छोट्या कुपीत थेंब मोजून घालायचे. मोजून, आणि लिहून. माझा एक फार सुंदर जमलेला वास मी लिहून न ठेवल्यामुळं कायमचा गेला. कुपी काचेचीच घ्या, अत्तर प्लास्टिकला खातं. मग ती अंधाऱ्या कपाटात दोन-तीन आठवडे ठेवून द्यायची, लोणच्यासारखी. आज घातलेले दोन वास आज भांडतात, पंधरा दिवसांनी नांदतात. आणि अंगाला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस वाट बघा, खाज सुटली तर तिथंच थांबा. लावल्यावर मनगटं एकमेकांवर घासायची आपल्याला सवय असते, ती नको. आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवून वर अत्तर लावलं तर कोरड्या कातडीवरही टिकतं.

माझं आजचं माप वाळा चार, मोगरा तीन, चंदन दोन थेंब, आणि पावसाळ्यात एक थेंब कन्नौजच्या मिट्टी अत्तराचा. मातीचे भाजलेले तुकडे तांब्याच्या डेगेत घालून हे काढतात, पहिल्या पावसाचा वास येतो त्याला. तुमच्या अंगाला माझंच माप वेगळं लागेल. प्रत्येकीची कातडी, घाम, केसाचं तेल, धुण्याचा साबण, स्वयंपाकघर, सगळं त्यात मिसळतं. माझी बहीण माझीच कुपी लावते तर तिच्या अंगाला गोडसर वास येतो, माझ्या अंगाला मातकट.

आता आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. अत्तरात काय असतं हे आपण विचारतो का? वेफर्सच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या आपण, बाटलीवर नुसतं परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स लिहिलेलं असलं की समाधान मानतो. त्या एका शब्दात शंभर वस्तू मावतात.

कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते आणि ती मिळवण्यासाठी त्याला मारत आलेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं त्याला पूर्ण संरक्षण आहे, म्हणजे कुणी "असली कस्तुरी" म्हणून विकत असेल तर तो एक तर खोटं बोलतोय नाही तर गुन्हा करतोय. जवादी मांजराला पिंजऱ्यात ठेवून त्याच्या ग्रंथीतला स्राव खरवडून काढतात. अंबर म्हणजे देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा गोळा, ज्याच्या तस्करीच्या बातम्या आपल्या पेपरात "व्हेलची उलटी" म्हणून येतात. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या ग्रंथीतून आणखी एक द्रव्य काढतात. आज बाजारातली बहुतेक कस्तुरी प्रयोगशाळेत बनलेली असते, ही समाधानाची गोष्ट. पहिली कृत्रिम कस्तुरी १८८८ साली स्फोटकांवर काम करणाऱ्या अल्बर्ट बाउर नावाच्या माणसाला अचानक सापडली. अंबराचा वास आता तुळशीच्या कुळातल्या एका वनस्पतीपासून करता येतो. आणि कस्तुरी भेंडीच्या बिया तर आपल्याकडं आहेतच, त्यांना कस्तुरीच्या जवळचा वास असतो आणि कुणाचा जीव जात नाही.

डबीतलं घट्ट अत्तर मिळतं ना, बोटानं लावायचं? त्यात पुष्कळदा मधमाशीचं मेण असतं. मध सोडलेल्या बायकांनी हे विचारून घ्यावं. कन्नौजला अत्तर मुरवायला उंटाच्या कातड्याची कुप्पी वापरायची जुनी पद्धत आहे, तेही विचारावं. फवारायच्या बाटलीत अर्ध्याहून जास्त अल्कोहोल असतं. ते पिण्याचं नव्हे हे मला कळतं, पण बस्तीत जाताना मी ते अंगावर घेत नाही. तेलातलं अत्तर घेते. त्यातही स्वस्त अत्तरात चंदनाच्या तेलाऐवजी पॅराफिन असतं. "शुद्ध चंदन" म्हणून चार पैशाला मिळालं तर ते चंदन नव्हे.

वाळा हे मूळ आहे, मग तो कसा चालतो, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. सुंठ आणि हळकुंड जसं वाळल्यावर चालतं तसाच वाळाही वाळलेला. पण खणून काढण्यात आरंभ आहेच, आणि फुलं तोडण्यातही आहे. गुलाबाचं एक किलो तेल काढायला सुमारे चार टन फुलं लागतात. म्हणजे एका ग्रॅमला चार किलो. कन्नौजच्या अत्तरात चंदनतेल मिसळलेलं असल्यामुळं हिशेब सौम्य होतो, पण हा आकडा वाचल्यापासून माझा हात आखडला. थेंब सांडला तर मला आता फुलांची परडी सांडल्यासारखी वाटते.

आणि हो, हे सगळं मी सांगतेय ती मी स्वतः सणावारी रेशमी साडी नेसून बस्तीत जाते. कपाटात दोन आहेत, एक आईची. कस्तुरीवर व्याख्यान देताना मला त्या दिसतात. तेव्हा कुणी मला धारेवर धरायचं तर खुशाल धरा. नवीन रेशीम मी घेत नाही, एवढंच मला आजवर जमलं आहे.

सूनबाईकडं चौदा बाटल्या आहेत. मी मोजल्या. लेयरिंगच्या नावाखाली कंपन्यांना एकाच्या जागी तीन बाटल्या विकायच्या असतात हे माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तिलाही सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "अहो आई, तुमच्या लोणच्याच्या बरण्या किती आहेत?" अकरा आहेत. पण बरण्या रिकाम्या होतात, मी म्हटलं, तुझ्या बाटल्या होत नाहीत. शेवटी आमची तडजोड अशी झाली की नवीन घ्यायची नाही, आहेत त्यांतून तिनं तीन निवडायच्या आणि त्या संपेपर्यंत बाकीच्या खोक्यात. तिनं निवडलेल्या तिन्हींत एक तळाची होती, एक फुलाची, एक हलकी. न सांगता बरोबर निवडलं पोरीनं. परवा फोनवर म्हणाली, तीनच असल्यावर जास्त सुचतं.

माझ्याही तीनच. पावसाळ्यातली मिट्टी चौथी. भोगोपभोग परिमाणात मी ते लिहून ठेवलं आहे. ज्या वस्तू एकदा वापरल्या की संपतात त्या भोगाच्या, अन्नासारख्या, गंधासारख्या; कपडे-दागिने पुन्हा पुन्हा वापरायचे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडकात रोजच्या नियमाची जी यादी दिली आहे तिच्यात जेवण, वाहन, अंथरूण, स्नान यांच्याबरोबर अंगाला लावायच्या उटीचं आणि फुलांचंही नाव आहे. आज नको, रात्री नको, पंधरा दिवस नको, महिनाभर नको, एक ऋतू नको, असं आपण ठरवायचं. ठराविक मुदतीचा तो नियम, जन्मभराचा तो यम.

आणि इथंच मला माझं म्हणणं सांगायचं आहे. त्याच ग्रंथात व्रत कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. जे आपल्याला योग्य आहे, जे घ्यायची मोकळीक आहे, त्यापासूनही मनानं ठरवून मागं होणं म्हणजे व्रत. मनानं ठरवून. तेराव्याच्या आत दुसऱ्या कुणी माझ्या टेबलावरून कुपी उचलली, यात माझं ठरवणं कुठं होतं? मी काय सोडलं? माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि लोकांनी त्याला माझा त्याग म्हटलं. दीड वर्ष मी त्या खोट्या त्यागाचं कौतुक ऐकून घेतलं. "किती साधी राहते हो आता." साधी राहत नव्हते, मला काही सुचत नव्हतं.

उपवासाच्या दिवशी गंध, फुलं, दागिने, अंजन सोडायला रत्नकरंडकात सांगितलं आहे. ते उपवास करणाऱ्या प्रत्येकाला आहे. सवाष्णीलाही आणि पुरुषालाही. नवरा असण्या-नसण्याचा तिथं संबंध नाही. मी दशलक्षणात दहाही दिवस अत्तर लावत नाही, अष्टमी-चतुर्दशीला लावत नाही. मुनिमहाराजांचा चौका असेल, आहाराला उभं राहायचं असेल, तर आदल्या दिवसापासून नाही. आर्यिका माताजींच्या दर्शनाला जाताना नाही. जिनबिंबापुढं वास यावा तो अभिषेकाच्या चंदनाचा, धूपाचा, गंधोदकाचा. माझा कशाला? हे सगळं मी ठरवलेलं आहे आणि ते पाळताना मला सुखही वाटतं, कारण अत्तर माझ्या कपाटात आहे आणि मी ते लावत नाही. कुपीच नसती तर न लावण्यात काय होतं?

यावर एक वडीलधाऱ्या बाई मला बस्तीच्या पायरीवर म्हणाल्या, "पण वैनी, वास कुणासाठी लावायचा आता?" प्रश्न रागानं विचारलेला नव्हता, खरंच विचारलेला होता, म्हणून मी तो घरी घेऊन आले. हे असतानाही मी मोगरा यांच्यासाठी लावत नव्हते, यांना तर मोगऱ्यानं शिंका यायच्या. सकाळी अंघोळ करून देवपूजेला बसायच्या आधीचा तो एक क्षण माझा असायचा. आणि आता लावते ते आमच्या कपाटासाठी. त्याला आसक्ती म्हणा. आहे आसक्ती, नाही कुठं म्हणते? ती सुटायची तेव्हा माझ्या हातानं सुटेल, पायरी पायरीनं. यांची कुपी आता तळाला आली आहे. त्यातले शेवटचे थेंब मी माझ्या मिळवणीत घातले आणि वर नवा वाळा भरला. तेव्हा यांचा वाळा किती आणि माझा किती हे आता वेगळं काढता यायचं नाही.

ज्या बायकांना नवऱ्यामागं गंध, गजरा, रंग मनापासून नकोसा झाला, त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांचा त्याग खरा आहे. माझी थोरली नणंद त्यातलीच, तिच्यापुढं मी हात जोडते. पण घराघरातल्या सुनांना मी सांगेन की कुणाचं टेबल आवरायला जाऊ नका. आवरायचं असेल तर वर्षभरानं तिचं ती आवरेल. आणि अत्तरदाणी हातात असेल तर सासूकडं बघू नका, जिच्यापुढं उभ्या आहात तिच्याकडं बघा. तिला नको असेल तर ती हात मागं घेईल.

त्या मोगऱ्याच्या कुपीचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात जाऊबाई राहायला आल्या होत्या. थोरले दीरही आता नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात त्यांनी विचारलं, "ते तुझं काय गं, वाळ्याचं, ते करायला अवघड असतं का?" मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला वाळा हवा की आणखी काही?" बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना बकुळ आवडायची." बकुळीचं अत्तर मिळतं, कन्नौजला त्याला मौलश्री म्हणतात. मागवलं आहे. चंदन दोन थेंब घालून बघणार आहे, कारण बकुळ चंदनावर चांगली बसते असा माझा अंदाज आहे. जमलं की माप इथं लिहीन.

पुढच्या संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडं रोज दुपारी चार ते सहा घर उघडं असेल. तिळगूळ आणि अत्तर. या.

जय जिनेंद्र.